शेरा न मारता ऐकणे : सदाशिव पेठेतील एका घराचे प्रकरण

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेल्या मुलामुलींचे समुपदेशन करताना अभ्यास, निकाल आणि पैसा या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. राहत्या जागेबद्दलची तक्रार मात्र पोटात राहते आणि विश्वास बसल्याशिवाय ओठांवर येत नाही. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका जागेचे आहे. सदाशिव पेठेतील घरमालकीण आणि तिच्याकडे खोली घेऊन राहणारी मुलगी, या वय, गाव, जात आणि आवडनिवड यांपैकी कशातच मेळ नसलेल्या दोघींनी आपापल्या आवडीची गाणी एकमेकींना ऐकवायला सुरुवात केली आणि वर्षभरात त्यांच्यात चांगला जिव्हाळा निर्माण झाला. ‘संगीत माणसे जोडते’ हे वाक्य सर्वांच्याच तोंडी असते, पण ते इतके ढोबळ आहे की त्याच्या आधाराने समुपदेशकाने कोणाला काही सुचवावे असे त्यात काही नाही. या घरात नेमके काय जुळले, कशाने जुळले आणि कशाने पुन्हा तुटायला आले, हे तपासण्यासाठी हे टिपण लिहिले आहे. दोघींची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे गाळली आहेत. मुलगी घरमालकिणीला ‘काकू’ म्हणते, म्हणून येथेही त्यांना काकूच म्हटले आहे.

घर आणि त्यातला अबोला

काकूंचे वय ७६. शिक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलती मुलगी संसाराला लागून कोथरूडला असते. जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीत त्यांचे घर आहे आणि त्यातली रस्त्याकडची खोली त्या दोन मुलींना कॉट बेसिसवर देतात. दारामागे नियमांचा कागद चिकटवलेला आहे: रात्री दहानंतर दार उघडले जाणार नाही, गीझर सकाळी अर्धाच तास, मैत्रिणींना मुक्कामाला आणू नये, घरात मांसाहार चालणार नाही. पेठेत खोली शोधलेल्या कोणालाही हा कागद न वाचताच पाठ असतो. काकूंचा दिवस आकाशवाणीने सुरू होतो, चहाबरोबर नाट्यगीते आणि भावगीते होतात आणि दर शुक्रवारी सकाळी लेकीने भरून दिलेल्या पेन ड्राइव्हवरचे ‘गीतरामायण’ लागते. हा क्रम यजमान गेल्यानंतरही त्यांनी मोडलेला नाही.

मुलगी २४ वर्षांची, बीड जिल्ह्यातील एका गावची, विज्ञानाची पदवीधर. आईवडील हंगामात ऊसतोडीला जात असल्यामुळे वर्षाचे पाच-सहा महिने ती आजीजवळ वाढली. घर आंबेडकरी विचारांचे. पुण्यात आल्यावर सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका आणि दार बंद होण्याच्या जरा आधी खोली, असा तिचा दिनक्रम ठरला. पूर्वपरीक्षा थोडक्या गुणांनी हुकल्यानंतर ती माझ्याकडे आली, तेव्हा तिची तक्रार झोपेची होती. रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही, जेवण जात नाही, वाचलेले राहत नाही, असे ती सांगत असे. पुढे बोलता बोलता तिने एक वाक्य उच्चारले, ज्याने प्रकरणाची दिशा बदलली: “अभ्यासिकेत ठीक असतं, घरी गेलं की श्वास आवरून धरल्यासारखं होतं.”

श्वास आवरण्याचे कारण तिच्या लेखी स्पष्ट होते. राहायला आली त्या दिवशी काकूंनी आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि मग त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला एक स्टीलचा पेला, एक ताट आणि एक वाटी मिळाली. तिन्हींच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. हा ठिपका कशासाठी, हे तिने विचारले नाही. “ते विचारायची गरज नव्हती,” असे ती म्हणाली. ज्या घरांतून असे पेले वेगळे ठेवले गेले, त्यांच्या आठवणी तिच्या आजीकडून तिच्यापर्यंत आलेल्या होत्या, आणि त्या आठवणी खोट्या नव्हत्या. या विशिष्ट पेल्याचा अर्थ तोच होता का, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर पुढे येईल.

तिला झोप लागायची ती गाण्याने. रात्री इअरफोन लावून ती भीमगीते ऐकत असे. १९३०च्या दशकात आंबेडकरी जलशांनी जो गाता प्रवाह सुरू केला, त्याला पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवीगायकांनी हजारो गीतांचे पाठबळ दिले, आणि आज तीच गाणी एकतारीपासून डीजेपर्यंत सर्व रूपांत ऐकायला मिळतात. मुलीच्या दृष्टीने मात्र ती चळवळीची गाणी नंतर होती. आधी ती आजीची गाणी होती. आईवडील कारखान्याच्या फडावर असताना संध्याकाळी दिवा लावून आजी जे गुणगुणत असे, ते हेच. या घरात आपण ते उघडपणे लावू शकत नाही, हे तिने कोणी न सांगताच ठरवून टाकले होते.

चौदा एप्रिलची रात्र

जयंतीला दरवर्षी ती गावी जात असे. त्या वर्षी सराव परीक्षांमुळे जाता आले नाही. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता लांबून फटाक्यांचे आवाज येऊ लागले. खोलीतली दुसरी मुलगी आठवड्यापूर्वीच सोडून गेली होती. इअरफोनची एक वायर तुटलेली, म्हणून हिने मोबाईल उशीखाली ठेवून एकतारीवर गाणाऱ्या एका गायिकेचे गाणे अगदी हळू लावले. दहाएक मिनिटांत दारावर टकटक झाली.

पुढचा संवाद दोघींनी मला वेगवेगळा सांगितला आणि तो जवळजवळ शब्दशः सारखा निघाला. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, एक तर बंद कर, नाहीतर नीट मोठ्यानं लाव. अर्धवट ऐकू आलं की झोप लागत नाही मला.” मुलीने घाबरून बंद केले. त्यावर काकू आत येऊन रिकाम्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, “बंद कशाला केलंस? लाव. एकतारी आहे ना ती?” मुलीने लावले. तीन गाणी झाली. काकूंनी मधे एकदा फक्त “सूर जागचा हलत नाही बाईचा” एवढे म्हटले, आणि उठताना विचारले, “हे तू कुणाकडून ऐकलंस लहानपणी?” मुलीने आजीचे सांगितले. आजी काय करते, किती वर्षांची, एकटी राहते का, एवढे विचारून काकू झोपायला गेल्या.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने देतो आहे, कारण पुढच्या सगळ्याची गुरुकिल्ली यात आहे. काकूंना ते गाणे आवडले म्हणून मुलीला बरे वाटले, असे झाले नाही. काकूंना ते आवडले की नाही हे तिला त्या रात्री कळलेही नव्हते. गाण्यातल्या आशयावर काहीतरी शेरा येईल, याची ती तिन्ही गाणी होईपर्यंत वाट पाहत होती, आणि तो आला नाही. त्याऐवजी दोन गोष्टी घडल्या. चोरून ऐकण्याचे गाणे या घरात मोठ्याने लावायला परवानगी मिळाली, तीही उपकाराच्या सुरात नव्हे तर पेठेच्या नेहमीच्या तुसड्या सुरात. आणि ‘हे काय आहे’ या प्रश्नाऐवजी ‘हे तुला कुणी दिले’ हा प्रश्न विचारला गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलीला आपल्या समाजाच्या वतीने बोलावे लागले असते. दुसऱ्याचे उत्तर ती नात म्हणून देऊ शकली.

ऐकवणे आणि शिकवणे

हा आरंभ लगेच टिकला नाही. काकूंमधली शिक्षिका जागी झाली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलीला बसवून पंडित भीमसेन जोशींचे अभंग ऐकवले आणि प्रत्येक ठिकाणी थांबवून राग कोणता, तान कुठे घेतली, सम कुठे आली हे समजावले. “कळलं का?” हा प्रश्न वारंवार आला. मुलगी म्हणाली, “शाळेत बसवल्यासारखं झालं.” त्याच बैठकीत तिने एक भीमगीत लावल्यावर काकू चटकन बोलून गेल्या की, याची चाल सिनेमातली उचललेली आहे. ते खरेच होते. अनेक भीमगीते लोकांच्या ओठांवरच्या चालींवर बांधलेली असतात आणि त्यांचा प्रसार झपाट्याने होण्याचे ते एक मोठे कारण आहे. पण त्या क्षणी ते वाक्य ‘तुमचे गाणे तुमचे नाही’ असे ऐकू आले. मुलगी पुढचे काही दिवस पुन्हा रात्री दहाला येऊ लागली.

खरे तर उसन्या चालीचा उणेपणा मानायचा तर काकूंच्या लाडक्या नाट्यसंगीताची पंचाईत होईल. १८८०नंतर बहरलेल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख सरळ छापलेला असे. कुठे लावणी, कुठे कानडी गीत, कुठे एखादी हिंदुस्थानी चीज. हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ते मला माहीत आहे हो, पण तिला सांगताना आठवलं नाही.” आपल्या आवडीचे गाणे माणूस आतून ओळखतो आणि दुसऱ्याचे बाहेरून तपासतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

काकूंना मी भेटलो तो मुलीच्या परवानगीने, आणि त्या भेटीत दोघींना मिळून एक पद्धत सुचवली. शनिवारी जेवणानंतर दोघींनी एकेक गाणे लावायचे. लावणारीने ते गाणे पहिल्यांदा कुठे, कोणाबरोबर ऐकले ते आधी सांगायचे. ऐकणारीने ते पूर्ण ऐकायचे आणि गाण्याच्या बऱ्यावाईटाबद्दल काही म्हणायचे असेल तर दुसऱ्या दिवशी म्हणायचे; त्या रात्री फक्त त्या आठवणीबद्दल विचारायचे. काकूंनी अट मान्य केली, पण “दुसऱ्या दिवशी तरी बोलू द्याल ना?” हे वदवून घेतले. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक शेरे विरून जात, असे दोघी सांगतात. काकूंचे काही टिकत असत, आणि मुलीच्या मते त्यांतले काही उपयोगाचेही असत.

ही पद्धत सुचवण्यामागे मानसशास्त्रातील काही निष्कर्ष होते, तसेच त्यांच्याबद्दलची एक शंकाही होती. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, एकमेकांची ओळख करून घेणारे अनोळखी तरुण इतर विषयांपेक्षा संगीताबद्दल अधिक बोलतात आणि कोणाच्या आवडीची गाणी ऐकून त्याच्या स्वभावाबद्दल बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता येतात. डायना बोअर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यापुढे जाऊन दाखवले की, आवडीचे संगीत सारखे निघाले की माणसे ‘याची मूल्येही माझ्यासारखी असणार’ असे धरतात, आणि जवळीक या समजातून वाढते. पुण्यातल्या कोणत्याही वसतिगृहात हे रोज दिसते. पण या घरात हीच यंत्रणा उलट्या दिशेने चालत होती. एकीचे शुक्रवारचे रामगीत आणि दुसरीचे उशीखालचे भीमगीत दोघींना अचूक सांगत होते की, आपली मूल्ये सारखी नाहीत. आवड जुळण्याची वाट पाहत बसलो असतो तर काहीच झाले नसते. म्हणून गाण्याच्या आशयापेक्षा त्याला चिकटलेल्या आयुष्यावर भर देणे मला अधिक शहाणपणाचे वाटले.

त्यालाही आधार आहे. माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट निघतात, आणि गाण्यांच्या बाबतीत हा दाटपणा ठळकपणे दिसतो. कॅरल क्रमहॅन्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही भावनेने जवळची वाटतात, कारण ती घरात कानांवर पडलेली असतात. म्हणजे गाणे वारशाने येते. या मुलीकडे ते एक पिढी ओलांडून आजीकडून आले होते.

शुक्रवारचे गाणे

जूनमध्ये कसोटीचा प्रसंग आला. दर शुक्रवारी सकाळी मुलगी चहा न घेता बाहेर पडते, हे काकूंच्या लक्षात आले होते. एका शनिवारी त्यांनी कारण विचारले आणि मुलीने ते सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. त्या प्रतिज्ञा तिच्या घरी भिंतीवर लावलेल्या आहेत. रामाची गाणी सुरू झाली की तिला तिथे बसून राहणे अप्रामाणिकपणाचे वाटते. काकू दुखावल्या. दोन दिवस बोलणे कामापुरतेच राहिले.

तिसऱ्या दिवशी काकूंनी आपली आठवण सांगितली, जी पद्धतीप्रमाणे त्यांनी आधी सांगायला हवी होती, पण ‘गीतरामायणाची ओळख काय करून द्यायची’ या समजुतीने राहून गेली होती. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, शुक्रवारी सकाळी गदिमा आणि सुधीर फडके यांच्या या मालिकेचे पहिले गीत प्रसारित झाले आणि मग वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. काकू तेव्हा आठ वर्षांच्या. वडील आदल्याच वर्षी गेलेले. आई तिशीही न गाठलेली. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता आणि तो शुक्रवारी सकाळी ओट्यावर आणून ठेवला जाई. हळदीकुंकवाला, बारशाला, मंगळागौरीला काकूंच्या आईला कोणी बोलावत नसे. रेडिओ ऐकायला मात्र बोलावण्याची गरज नव्हती. सगळे वाडेकरी चौकात बसत, त्यांत तीही बसे. “सगळ्या बायकांच्या मधे आई बसलेली मी फक्त शुक्रवारी पाहिली,” असे काकू म्हणाल्या.

मुलीने पुढच्या भेटीत मला जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो: “मला राम नकोच आहे. पण त्यांची आई मला कळली.” तिला विचारले की, यात काही विसंगती वाटते का. तिने थोडा विचार करून सांगितले की वाटत नाही. कारण काकूंच्या आईला बाजूला बसवणारी जी रूढी होती, तीच तिच्या आजीला गावाबाहेर ठेवणारी होती, फक्त काकूंना ते तसे म्हणवत नाही. हे वाक्य तिने काकूंना ऐकवलेले आहे की नाही, हे मी विचारले नाही.

येथे संगीताने मतभेद मिटवला, असे कोणी समजू नये. शुक्रवारी ते गाणे पुढेही लागत राहिले आणि मुलगी तेथे राहत होती तोवर बहुधा बाहेरच पडे, पण चहा घेऊन. पूर्वी त्या गाण्यात एकच अर्थ होता आणि तो तिला बाहेर ढकलणारा होता. आता त्याच गाण्यात आणखी एक बाई बसलेली तिला दिसते. उलट बाजूने काकूंनाही भीमगीतात आता एक म्हातारी दिसते, जी संध्याकाळी नातीला जवळ घेऊन तिच्या आईची वाट पाहते. मूळ आशयाबद्दल काकू मौन पाळतात. त्या मौनाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण ते त्यांचे आहे.

ठिपका, ओव्या आणि मुकुंदनगर

जुलैमध्ये रिकाम्या कॉटवर कोल्हापूरची एक मुलगी आली. तिला काकूंनी दिलेल्या ताटवाटीवर हिरवा ठिपका होता. जुन्या भाडेकरूंत भांड्यांवरून भांडणे झाल्यापासून त्या प्रत्येकीला निराळा रंग देतात, असा खुलासा तेव्हा झाला. पहिल्या मुलीने हे मला सांगताना हसण्याचा प्रयत्न केला, पण ती खजील वगैरे झालेली नव्हती, आणि व्हायचे कारणही नव्हते. तिने केलेला अर्थ अनुभवातून आलेला होता. माझ्या नोंदीत एवढेच महत्त्वाचे आहे की, एप्रिलपूर्वी हा हिरवा ठिपका दिसला असता तरी तिने त्यावर विश्वास ठेवला नसता, असे ती स्वतः म्हणते. नव्या मुलीने शनिवारच्या बैठकीला स्वच्छ नकार दिला. तिला कोरियन गाणी आवडतात, ती हेडफोनवर ऐकते आणि तिची झोप उत्तम आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस गाण्यांचा ओघ ओव्यांकडे वळला. मुलीने आजीला फोनवर गायला लावून ते ध्वनिमुद्रित केले होते: जात्यावरच्या ओव्या, त्यांत काही बाबासाहेबांवरच्या. काकू ती चाल ऐकून चमकल्या, कारण त्यांच्या साताऱ्याकडच्या आजीचा दळतानाचा गळा असाच होता. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर ऐकता येतात, हे मी त्यांना सांगितले. दोघींनी बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्या शोधून ऐकल्या. या टप्प्यावर काकू प्रथमच स्वतः गायल्या. आठवलेल्या दोन ओळी म्हटल्या, तिसरी आठवेना, ती मुलीने आपल्या आजीच्या ओवीतली जोडली.

एकत्र गाण्याचा प्रयोग मी सुरुवातीलाच का सुचवला नाही, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. आयलुनेड पिअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबार यांच्या २०१५ च्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्या गटांची जवळीक हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्या गटांपेक्षा फार लवकर वाढली. सात महिन्यांच्या अखेरीस मात्र सर्व गट सारखेच जवळ आले होते. म्हणजे गाण्याने मुख्यतः वेग मिळतो. पण एकत्र गायचे तर एक गाणे निवडावे लागते, आणि या घरात एप्रिलमध्ये ती निवड घरमालकिणीनेच केली असती. ओवीच्या वेळी निवड कोणी केलीच नाही.

डिसेंबरात काकू तिला सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेल्या. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत चाले, थंडीत शाली पांघरून लोक बसून राहत, हे काकूंनी तिला वाटेत सांगितलेच. मुकुंदनगरच्या मंडपात मुलीला पहिला तास कंटाळा आला, मग एका सतारवादनात ती रमली. तोवर काकूंना डुलकी लागली होती. याहून अधिक त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे नाही.

काय सिद्ध झाले नाही

मुलीची झोप ऑगस्टपासून सुधारली. याचे श्रेय गाण्यांना देण्याचा मोह होतो, पण त्याच सुमारास डॉक्टरांनी तिचे हिमोग्लोबिन कमी असल्याचे सांगून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, अभ्यासिकेतला रात्रीचा चहा तिने सोडला होता, आणि दुपारचे जेवण वेळेवर होऊ लागले होते. ‘श्वास आवरून धरल्यासारखे’ वाटणे मात्र त्याआधीच, मे महिन्याच्या भेटींमध्येच कमी झाल्याचे तिने सांगितले होते, आणि ते गोळ्यांमुळे झालेले नाही एवढे खात्रीने म्हणता येते.

मला अधिक काळजी होती ती या नात्यातल्या असमतोलाची. काकूंकडे घराची किल्ली आणि अनामत रक्कम होती. शनिवारी बसायचा कंटाळा आला तर मुलगी ‘नको’ म्हणू शकेल का, हे मी दोघींना वेगवेगळे विचारत राहिलो. सप्टेंबरमध्ये परीक्षा जवळ आल्यावर तिने एक महिना बैठक बंद ठेवली आणि काकूंनी ते फार मनाला लावून घेतले नाही, तेव्हा माझी काळजी कमी झाली. गाण्यांची देवाणघेवाण सक्तीची झाली असती, तर ती दारामागच्या नियमांच्या कागदावरची आणखी एक ओळ ठरली असती.

पुढच्या वर्षी मुलीला एका सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली आणि ती मराठवाड्यात परतली. राज्यसेवेची तयारी तिने सोडलेली नाही. काकू तिने पाठवलेल्या लिंक उघडत नाहीत, त्यांना ते जमत नाही. म्हणून ती फोन करून पलीकडे गाणे लावते आणि काकू आवाज चिरका येतो अशी तक्रार करत ते पूर्ण ऐकतात. लेक कोथरूडला राहायला बोलावते आहे, त्यावर निर्णय झालेला नाही.

हे प्रकरण मी सहकाऱ्यांपुढे मांडल्यानंतर आणखी दोन ठिकाणी ही पद्धत वापरावी अशी सूचना आली. एका ठिकाणी, दोन खोलीसोबतिणींच्या बाबतीत, ती सुरू आहे आणि तिच्याबद्दल इतक्यात काही सांगणे घाईचे होईल. दुसऱ्या ठिकाणी मी नकार दिला. तेथील मुलाचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते, घरमालक ते रोज दारात मागत होते आणि मुलाच्या बोलीची टिंगलही करत होते. अशा घरात त्या मुलाने आपले आवडते गाणे बाहेर काढणे म्हणजे टिंगलीला आणखी एक विषय पुरवणे झाले असते. त्याला आम्ही आधी दुसरी खोली शोधून दिली.